घरातली जुनी मोटार

नवी मोटार घरी आली की तिच्याभोवती गर्दी जमते. तिला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि शेजारची मुले तिच्या चकचकीत पत्र्यात आपले वाकडेतिकडे तोंड पाहून हसतात. हे कौतुक फार तर सहा महिने टिकते. पुढे ती घरातील इतर वस्तूंप्रमाणेच एक वस्तू होऊन राहते व तिच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. परंतु तीच मोटार वीस-पंचवीस वर्षांची झाली, तिचा रंग उडाला, दारे कुरकुरू लागली, म्हणजे घरच्या माणसांचे लक्ष पुन्हा तिच्याकडे वळते. काल चढावर तो आवाज कसला येत होता, पावसाळ्यापूर्वी तिचा तळ तपासून घेतला पाहिजे, अशी बोलणी चहाच्या वेळी होऊ लागतात.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका पेन्शनर गृहस्थांकडे अशी एक मोटार आहे. घरात आणि गल्लीतही सारे त्यांना आजोबाच म्हणतात. मोटार आहे मारुती ८००, पांढऱ्या रंगाची, १९९८ सालच्या नोव्हेंबरात घेतलेली. त्यापूर्वी आजोबांचा सारा संसार एका स्कूटरवर चालला होता. नोकरीतील शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली काही रक्कम अशी जुळवाजुळव करून त्यांनी ती घेतली. त्या दिवशी आजी मागच्या बाजूस बसल्या व ‘हळू चालवा’ एवढेच सबंध वाटेत म्हणत राहिल्या, असे अजून सांगतात.

या मोटारीचे कूळही सांगण्यासारखे आहे. १९८३ पर्यंत आपल्या देशात रस्त्यावर मुख्यतः दोनच मोटारी दिसत. एक कलकत्त्याजवळ तयार होणारी भारदस्त अ‍ॅम्बॅसडर आणि दुसरी मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी. पैसे भरून नाव नोंदविले, तरी मोटार हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत. जपानमधील सुझुकी कंपनीशी १९८२ मध्ये करार होऊन हरियानातील गुडगाव येथे लहान मोटारीचा कारखाना निघाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली. तिची किंमत तेव्हा पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. हरपाल सिंगांनी ती मोटार २०१० मध्ये आपला अंत होईपर्यंत विकली नाही. त्यांच्यामागे ती घरासमोर गंजत उभी होती. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कार्यालयात मांडून ठेवली. या जातीच्या २५ लाखांहून अधिक मोटारी निघाल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

मोठमोठ्या माणसांनाही तिने लळा लावला होता. सचिन तेंडुलकर यांची पहिली मोटार हीच. ती केव्हाच दुसऱ्याच्या घरी गेली, परंतु ती परत मिळाली तर हवी आहे, अशी इच्छा त्यांनी २०२० मध्ये बोलून दाखविली. डॉ. मनमोहन सिंग पंतप्रधान असताना दाराशी सरकारी मोटारींचा ताफा उभा असे, तथापि त्यांची स्वतःची मोटार १९९६ सालची मारुती ८०० होती. आपली मोटार ती मोठी काळी नव्हे, ही लहान आहे, असे ते म्हणत, अशी आठवण त्यांच्या संरक्षणाचे काम पाहिलेल्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या निधनानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, सांगितली.

मोटार अंगाने अगदी किरकोळ. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि चाके अवघी बारा इंची. इंजिन ७९६ घन सेंटीमीटरचे, त्यात तीनच सिलिंडर. म्हणून ती जागेवर उभी असता तिचे अंग बारीक थरथरते. नव्याने बसणाऱ्या माणसास वाटते, काहीतरी बिघडले आहे. ओळखीच्या माणसास ती थरथर थांबली तरच चिंता वाटते. पेठेतील ज्या बोळात नव्या, रुंद मोटारी तोंड घालून पुन्हा मागे सरतात, त्या बोळातून ही सरळ निघून जाते. आजींचे गुडघे दुखू लागल्यापासून दर आठवड्यास त्यांना डॉक्टरांकडे न्यावे लागते. दवाखाना अशाच एका बोळात आहे आणि मोटार दवाखान्याच्या पायरीशी लागते. पायरीपासून रिक्षाच्या थांब्यापर्यंत दोनशे पावले आहेत. ज्याचे गुडघे दुखत नाहीत त्याला दोनशे पावलांची किंमत समजत नाही.

या मोटारीचे मागचे दार वर उघडते. मागचे आसन पुढे दुमडले की आत एवढी जागा होते, की पाहणाऱ्याला नवल वाटावे. दिवाळीत त्यातून फराळाचे डबे जातात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा नदीकडच्या सखल भागात राहणाऱ्या एका नातेवाइकांचे सामान या मोटारीने तीन खेपांत वर आणले. गाद्या, धान्याचे डबे, शिवणयंत्र आणि देव्हारा. तिसऱ्या खेपेस पाणी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते. आजोबांनी तेथून पुढे मोटार घातली नाही. उरलेले सामान माणसांनी डोक्यावरून आणले. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात, हे त्यांना ठाऊक होते. पुढे महिनाभर उद्यमनगरातील गॅरेजांत पुरात बुडालेल्या मोटारींची रांग लागली होती.

उद्यमनगराचे नाव आले म्हणून सांगितले पाहिजे, की जुनी मोटार बाळगणाऱ्यास कोल्हापूरसारखे गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात लोखंड ओतणारे, कातणारे, सांधणारे असे सर्व प्रकारचे कारागीर एकमेकांच्या शेजारी आहेत. एखादा भाग बाजारात मिळत नसला तर तो घडवून देणारा कोणीतरी भेटतो. शिवाय या मोटारीचेच इंजिन ओम्नी नावाच्या व्हॅनमध्येही बसविलेले असे आणि ती २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. मिळत नाहीत ते बारीकसारीक दिखाऊ भाग. आजोबांच्या मोटारीच्या मागच्या डाव्या दाराची काच वरखाली करण्याचे हँडल सहा वर्षांपूर्वी तुटले. तशाच राखाडी रंगाचे दुसरे त्यांना अद्याप सापडलेले नाही. तोवर उजव्या दाराचे हँडल काढून डाव्या दाराला लावायचे, काच खाली करायची आणि पुन्हा ते उजव्या दाराला लावायचे, अशी व्यवस्था आहे.

मोटार इतकी वर्षे टिकली याचे रहस्य आजोबांच्या एका वहीत आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेत मुले वापरतात तसली ती वही. मोटार घेतल्यापासूनची ही तिसरी. टाकी भरली की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचे लिटर त्यात लिहावयाचे आणि पुढच्या वेळी भागाकार करावयाचा. या साध्या भागाकाराने मोटारीची प्रकृती कळते. एकदा २५६ किलोमीटरना १६ लिटर पेट्रोल लागले होते, म्हणजे लिटरला १६ किलोमीटर. पुढच्या वेळी तेवढ्याच पेट्रोलात २०८ किलोमीटरच झाले, म्हणजे १३. रस्ता तोच, चालविणारा तोच, मग तीन किलोमीटर गेले कोठे? मोटारीचा आवाज ठीक होता, धूरही नव्हता. आजोबांनी एक फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तो मागचे एक चाक तव्यासारखे तापलेले! हातब्रेकची तार गंजून अडकली होती व ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. चाक सारखे घासत फिरत होते आणि पेट्रोल त्या घासण्यात जळत होते. तार बदलली आणि वहीत पुन्हा १६ चा आकडा आला.

देखभालीची बाकीची कामे म्हटली तर रोजची, म्हटली तर किरकोळ आहेत. सकाळी इंजिन थंड असताना तेलाची पट्टी ओढून, फडक्याने पुसून, पुन्हा बुडवून तेल पाहायचे. रेडिएटरचे पाणी पाहायचे. पण तेही थंड असतानाच, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर आतील उकळते पाणी कारंज्यासारखे अंगावर येते व माणूस भाजतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसली तर ती गरम पाण्याने धुवावयाची. टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्याचे वय झालेले असू शकते. कडेला बारीक भेगा दिसू लागल्या की तो बदललाच पाहिजे, मग तो कितीही थोडा झिजलेला असो. इंजिनातील दातेरी रबरी पट्टा तर डोळ्यांना दिसतही नाही. तो बाहेरून कुरकुर करीत नाही, पूर्वसूचना देत नाही. एके दिवशी तुटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. म्हणून तो तुटण्याची वाट न पाहता ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. त्याची तारीख वहीत तांबड्या शाईने लिहिलेली असते.

आणि गंज! जुन्या मोटारीचा खरा वैरी तोच. दारांच्या तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक भोके असतात. त्यांत धूळ, पाने साचली की पावसाचे पाणी दारातच राहते आणि पत्रा आतून पोखरला जातो. मे महिन्याच्या शेवटी आजोबा एक तार घेऊन बसतात आणि एकेक भोक मोकळे करतात. हे काम पाहायला कोणी थांबत नाही. मोटार धुताना मात्र गल्लीतील निम्मी मुले हजर असतात, आणि त्यांत मोटारीपेक्षा मुलेच अधिक भिजतात.

या सर्व खटाटोपाचा मोबदला केव्हा मिळतो, तर अशा मोटारीतून आंबा घाट उतरताना. रत्नागिरीस जाण्याचा हा रस्ता मलकापूर सोडल्यावर झाडीत शिरतो. आंबा गावानंतर एकाएकी जमीन संपल्यासारखी होते आणि खाली कोकण दिसू लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजोबांनी कधी मोडला नाही, कारण उताराला नुसत्या ब्रेकवर मोटार सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, वळणावर टायरांचा होणारा आवाज हे सारे या मोटारीत स्पष्ट ऐकू येतात. नव्या मोटारींत काचा बंद, आत गारवा, गाणी चालू. घाट आला आणि गेला हे मुलांना कळतही नाही. अर्थात नव्या मोटारी वाईट आहेत असे कोणी म्हणू नये. त्यांत जे आहे ते या मोटारीत नाही, आणि तीच गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यात फार निकडीने पुढे आली.

सुट्टीसाठी आजोबांची बारा वर्षांची नात पुण्याहून आली होती. एका संध्याकाळी रंकाळ्यावर जायचे ठरले. मोटारीत बसताच ती म्हणाली, “आजोबा, पेट्रोलचा वास येतो आहे.”

आजोबांनी नाक वर करून हुंगले. त्यांना काही जाणवेना. वयाबरोबर नाकाची शक्ती उणावते, हे त्यांना तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

“जुन्या गाडीला थोडा यायचाच,” ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली लावली.

“थोडा नाही, खूप येतो आहे. आजोबा, चालू करू नका!”

तिच्या स्वरात असे काही होते, की आजोबांचा हात थांबला. सर्व जण खाली उतरले. मिस्त्रींना निरोप गेला आणि ते अर्ध्या तासात आले. बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीचा प्रकाश आत टाकला आणि एका काळ्या रबरी नळीवर बोट ठेवले. नळीला बारीक चीर पडली होती, पेट्रोल थेंब थेंब गळत होते, आणि थेंब पडत होता तेथून वीतभर अंतरावर धुराची नळी जात होती. इंजिन चालू असताना ही नळी किती तापते हे मिस्त्रींना सांगावे लागत नव्हते.

“काका,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “पोरीनं आज मोठं काम केलं. गाडी रस्त्यावर पेटली असती.”

त्यांनी जागेवरच ती नळी काढून दाखविली. दाबली की ती मऊ, फुगलेली लागत होती. पंचवीस वर्षांच्या उष्णतेने रबर थकले होते, हे एक कारण. दुसरेही एक त्यांनी सांगितले. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते उसापासून आणि धान्यापासून तयार होते. कोल्हापूरच्या मुलांनी मळीचा वास घेतलेला असतोच. २०२५ मध्ये त्याचे प्रमाण शंभरात २० पर्यंत गेले. जुन्या मोटारींचे रबर त्यासाठी केलेले नव्हते, म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्या लागतात. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी त्या सर्व बदलून घेतल्या.

परंतु प्रश्न नळ्या बदलून संपला नाही. ही हकीगत ऐकून मुलगा पुण्याहून आला. “बाबा, ही गाडी आता द्या,” तो म्हणाला. “माझी मुलं हिच्यात बसतात.”

त्याचे म्हणणे रागाचे नव्हते, आणि म्हणूनच आजोबांना ते उडवून लावता येईना. तो जे सांगत होता ते खरे होते. या मोटारीचा पत्रा पातळ. अपघातात फुगून माणसाला वाचविणारी हवेची पिशवी तिच्यात नाही. नव्या मोटारींत चालकासमोर ती असलीच पाहिजे, असा नियम १ जुलै २०१९ पासून झाला आहे. महामार्गावर शेजारून भरधाव ट्रक गेला की ही मोटार बाजूला ढकलल्यासारखी होते. आजोबा कितीही सावकाश आणि कितीही सावधपणे चालवीत असले तरी समोरून येणाऱ्याच्या सावधपणाचा भरवसा कोण देणार?

दुसऱ्या बाजूस आजींचा दवाखाना होता, दोनशे पावले होती आणि नव्या मोटारीस लागणारे लाखो रुपये हाताशी नव्हते. दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनीच तोडगा सांगितला. मोटार राहील, परंतु ती गावाच्या वेशीबाहेर जाणार नाही. पन्हाळाही नाही, आंबा घाटही नाही. रत्नागिरीस जायचे तर एस.टी.ने किंवा मुलाच्या मोटारीने. हे सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. मात्र त्यानंतर ते बराच वेळ अंगणात तुळशीपाशी उभे होते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मोटारीला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती प्रादेशिक परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते. आजोबांची ही तिसरी खेप होती. त्यांनी आठवडाभर आधी ब्रेक, दिवे, भोंगा, पुसण्या सारे नीट करून घेतले, धुराची तपासणी केली, विम्याचा कागद वहीत घालून ठेवला. निरीक्षक तरुण होते, मोटारीहून फार तर चारपाच वर्षांनी मोठे. त्यांनी इंजिनावर आणि सांगाड्यावर कोरलेले क्रमांक कागदाशी ताडून पाहिले, दिवे लावावयास सांगितले, ब्रेक पाहिला. मग त्यांनी खाली वाकून दाराच्या तळाचा पत्रा बोटाने ठोकला. आवाज घट्ट आला.

“गंज कसा नाही?” त्यांनी विचारले.

आजोबांनी खिशातून ती तार काढून दाखविली.

नोंदणी २०२८ पर्यंत वाढून मिळाली. वहीत आता दोन हस्ताक्षरे दिसतात. सुट्टीत नात आली म्हणजे भागाकार तीच करते, आणि आजोबांच्या पद्धतीप्रमाणे फक्त पूर्णांक न लिहिता दशांश चिन्हापुढील दोन आकडेही लिहिते. मोटारीत बसण्यापूर्वी दार उघडून वास घेण्याचे काम तिच्याकडे आहे. ती नसेल तेव्हा ते आजी करतात. मागच्या डाव्या दारासाठी एक हँडल मध्यंतरी जुन्या बाजारात मिळाले होते. ते काळ्या रंगाचे निघाले, म्हणून आजोबांनी परत केले.